आधी अर्थिंग, मग चार्जिंग

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
बुलढाणा

विषय: विजेवरच्या गाड्यांचे घरगुती चार्जिंग सुरक्षित व्हावे यासाठी उन्हाळ्यात जिल्ह्यात अर्थिंग तपासणीची मोहीम घेण्याबाबत



बुलढाणा शहरात रात्रभर चार्जिंगला लावलेली, बॅटरी शंभर टक्के भरलेली गाडी सकाळी मलकापूरला निघते. शहर मागे पडते आणि राजूर घाट सुरू होतो. विजेवरच्या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनित्रासारखी चालू लागते. उतारावरचा वेग वीज होऊन बॅटरीत परत जातो आणि गाडी आपोआप आवरली जाते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही परतीची वीज ठेवायला जागाच उरत नाही. मग रोजच्यासारखी गाडी हळू होत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटावर राहणाऱ्याने घाट उतरायचा असेल त्या दिवशी चार्जिंग ८०-९० टक्क्यांवर थांबवावे, एवढी साधी ही गोष्ट. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ती राजूर किंवा बोथा घाटाचे नाव घेऊन छापलेली नसते. ती इथल्या माणसांनीच एकमेकांना सांगावी लागते.

अशा गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यातली एक इतर सगळ्यांपेक्षा तातडीची आहे. ती गाडीत नसून घराच्या भिंतीत आणि अंगणातल्या खड्ड्यात आहे. तिच्यासाठी हे पत्र.

जिल्ह्यात विजेवरच्या गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. एमएच-२८ च्या हिरव्या पाट्या बुलढाणा, खामगाव, चिखलीच्या रस्त्यांवर दिसतात. समृद्धी महामार्गाचा सुमारे ८७ किलोमीटरचा पट्टा मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतून जातो. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने समृद्धीवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोलमाफी दिली आहे. नागपूर किंवा मुंबई गाठणाऱ्या माणसाला हा हिशेब लगेच कळतो, म्हणून या गाड्या वाढणार हे उघड आहे. महामार्गावरच्या चार्जिंग केंद्रांची चर्चा पुष्कळ होते. पण गाडी रात्री उभी राहते ती घरी, आणि बहुतेक वेळा ती भरलीही जाते घरीच.

गाड्यांचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक हायब्रिड मोटारींना प्लग नसतोच. त्यांची छोटी बॅटरी इंजिन आणि ब्रेक यांच्यावरच भरते. अशा काही गाड्यांत मागच्या सीटजवळ किंवा डिकीत बॅटरीला गार हवा देणारी जाळी असते. ती गोण्या-पिशव्यांनी झाकली जाऊ नये, एवढे पाहिले तरी निम्मी काळजी झाली. प्लग-इन हायब्रिड ही वेगळी जात. तिला पेट्रोलची टाकीही असते आणि भिंतीतून भरायची बॅटरीही. या प्रकारची पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली मोटार २००८ च्या अखेरीस चीनमध्ये विकायला आली. भारतात असल्या गाड्या अजून मोजक्या आणि महागड्या आहेत. त्यांची बॅटरी पूर्ण विजेवरच्या मोटारीपेक्षा बरीच लहान असते, त्यामुळे ती रोज जवळजवळ पूर्ण रिकामी होते आणि रोज पूर्ण भरली जाते. म्हणजे भिंतीतल्या प्लगवर तिचा जाच रोजचा. गाडी मोठी असो, छोटी असो, दुचाकी असो, प्रश्न शेवटी त्या प्लगपाशीच येतो.

तिथे काय होते ते आकड्यांत पाहू. घरगुती चार्जर साधारण ३.३ किलोवॉटचा असतो. २३० व्होल्टला तो १४ अँपियरच्या आसपास करंट ओढतो. घरातला गिझर १५-२० मिनिटे चालतो आणि बंद होतो. मोटार मात्र सात-आठ तास, कधी त्याहून अधिक, सलग १४ अँपियर ओढत राहते. प्लग सैल असेल, सॉकेटच्या पट्ट्या काळवंडल्या असतील, मागचा स्क्रू ढिला असेल, तर त्या एका ठिकाणी उष्णता साचते. करंट दुप्पट झाला की तीच उष्णता चौपट होते. मोबाइलच्या चार्जरने वर्षानुवर्षे न दिसलेला दोष मोटारीचा चार्जर एका रात्रीत दाखवतो. सकाळी सॉकेटवर पिवळसर डाग दिसला किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, तर तो शेवटचा इशारा समजावा.

म्हणून गाडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी ओढलेली ‘चारची’ तांब्याची वायर, म्हणजे ४ चौरस मिलिमीटरची, चांगल्या प्रतीचा १६ अँपियरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. वीज जाऊ नये तिथे गळू लागली की आरसीसीबी क्षणात पुरवठा तोडतो. माणूस वाचतो तो त्याच्यामुळे. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. ही दोन वेगळी कामे आहेत, आणि जुन्या घरांत बहुधा एकच सोय केलेली असते. जोडीला महावितरणकडचा मंजूर भार गाडीच्या हिशेबाने वाढवून घ्यावा. घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी भरायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे, त्यामुळे हे लपवून करण्याचे काही कारण नाही.

आता अंगणातल्या खड्ड्याकडे, म्हणजे अर्थिंगकडे.

बहुतेक मोटारींबरोबर येणाऱ्या चार्जरवर छोटे दिवे असतात. अर्थिंग नसेल किंवा कमजोर असेल तर चार्जर लाल दिवा लावतो आणि गाडी भरायला नकार देतो. नवीन गाडी घरी आली, पेढे वाटून झाले, रात्री प्लग लावला आणि लाल दिवा लागला, असे झाले की दोष शोरूमला दिला जातो. खरा दोष बहुधा घराचा असतो. घर बांधताना पुरलेली अर्थिंगची पाइप त्यानंतर कुणी पाहिलेलीच नसते. कधी तिच्यावर फरशी बसलेली असते, तर कधी तुळशीवृंदावन.

आपल्या जिल्ह्यात हा दोष दोन तोंडांनी येतो. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारच्या बाजूला, मातीखाली लगेच मुरूम आणि काळा पाषाण लागतो. एप्रिल-मेमध्ये ही जमीन कोरडी ठणठणीत होते. कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, उलटी गत आहे. तिथली खारी जमीन वीज चांगली वाहून नेते, पण तेच मीठ लोखंडी पाइप आणि पट्टी खाऊन टाकते. वरून सगळे ठीक दिसते. माती उकरली तर पट्टीच्या जागी गंजाचा भुगा हाताला लागतो. एका जिल्ह्यात दोन जमिनी आहेत, म्हणून एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. घाटावर खड्ड्याला पाणी घालायला हवे आणि खारपाणपट्ट्यात दर वर्षी जोड उघडून पाहायला हवा. जमल्यास तांब्याचा मुलामा असलेला रॉड बसवावा.

जाणता वायरमन हे कसे तपासतो ते पाहण्यासारखे असते. होल्डरमध्ये १०० वॉटचा बल्ब, होल्डरला दोन वायरी. एक फेजला, दुसरी न्यूट्रलला लावली की बल्ब पांढरा लख्ख पेटतो. मग दुसरी वायर न्यूट्रलवरून काढून तो अर्थच्या पिनला लावतो. अर्थिंग मेलेले असेल तर तोच बल्ब लालसर, मंद, विझू पाहणाऱ्या निखाऱ्यासारखा दिसतो. मग खड्ड्यावरचे झाकण काढतात, दगड-माती बाजूला करतात आणि मीठ-कोळशाच्या थरात बादली-दोन बादल्या पाणी मुरू देतात. अर्ध्या तासाने पुन्हा बल्ब लावला की लालसर दिवा पिवळा झालेला असतो. नीट मोजणी करायची तर त्यासाठी अर्थ टेस्टर नावाचे यंत्र आहे. पण या बल्बने घरातल्या सगळ्यांना डोळ्यांनी कळते की खड्ड्यात नेमके काय बिघडले होते. हा प्रयोग जिवंत वायरीवरचा आहे. तो परवानाधारक वायरमननेच करावा, घरच्यांनी नाही.

यापुढचा मुद्दा गंभीर आहे, आणि तो लिहिण्यासाठीच हे पत्र खुले लिहिले आहे. लाल दिवा घालवण्याचा एक चोरमार्ग काही ठिकाणी वापरला जातो. सॉकेटच्या मागे न्यूट्रलचा आणि अर्थचा स्क्रू वायरच्या एका तुकड्याने जोडून द्यायचा. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, गाडी भरू लागते. दोन मिनिटांचे काम आणि मालकही खूश. पण ज्या दिवशी खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी तो तुकडा फेजचा दाब थेट गाडीच्या पत्र्यावर आणून ठेवेल. ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी, गाडीच्या दाराला हात लावणारे कुणीही असू शकते, शाळेला निघालेले मूलसुद्धा. असा जोड घरात असेल तर आजच वायरमन बोलावून तो काढून टाकावा.

बॅटरीच्या आगीबद्दल बोलताना दोन्ही बाजू सांगायला हव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-दुचाकीच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेली दुचाकी पेटली आणि वडील व मुलगी गेले. अगदी शेजारी, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात, ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे दुकानाला लागलेल्या आगीत वर राहणाऱ्या कुटुंबातले सात जण गुदमरून मरण पावले. तेव्हाही चार्जिंगला लावलेल्या ई-दुचाकीचा संशय व्यक्त झाला होता. या तिन्ही घटनांत वेळ आणि जागा सारखीच आहे. माणसे झोपलेली होती आणि आग त्यांच्या घरात किंवा खालच्या मजल्यावर होती.

दुसरी बाजू अशी. स्वीडनच्या आपत्ती यंत्रणेने २०२२ ची मोजदाद केली, तेव्हा सहा लाखांहून अधिक इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारींपैकी २३ पेटल्याचे आढळले. इंधनावरच्या मोटारींचे प्रमाण याच्या कितीतरी पट होते. त्याच मोजदादीत विजेवरच्या स्कूटर आणि सायकलींच्या आगी मोटारींपेक्षा जास्त निघाल्या. म्हणजे विजेची मोटार हे काही चाकांवरचे फटाक्यांचे दुकान नव्हे. धोका जास्त आहे तो स्वस्त पॅकचा, चुकीच्या चार्जरचा आणि चुकीच्या जागेचा.

२०२२ च्या घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८ या मानकांच्या सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. पण २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या स्कूटरना नोंदणी लागत नाही. त्यांना पाटी नाही, परिवहन कार्यालयात त्यांची नोंद नाही, आणि त्यांतल्या बॅटऱ्या कुठे जोडल्या गेल्या याचा माग काढणे अवघड. लहान शहरांत आणि खेड्यांत स्वस्त म्हणून याच गाड्या घेतल्या जातात. प्रशासनाच्या कागदावर त्या नसल्या तरी जिन्याखाली त्या उभ्या आहेत.

बॅटरीची रोजची निगा कठीण नाही. लिथियम बॅटरीला माणसाला मानवते तसेच हवामान मानवते, साधारण १५ ते ३५ अंश. घाटाखाली मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधली हवा त्याहून तापलेली असते. उन्हातून आलेली दुचाकी लगेच चार्जिंगला लावू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत गार होऊ द्यावी. मोटारीला स्वतःची थंड करण्याची यंत्रणा असते, तरी भर दुपारपेक्षा रात्री किंवा पहाटेचे चार्जिंग तिलाही मानवते. मात्र चार्जिंगची जागा झोपायच्या खोलीपासून आणि बाहेर पडायच्या वाटेपासून दूर हवी. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये खेळते ठेवले की बहुतेक बॅटऱ्यांचे आयुष्य वाढते. अपवाद लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरीचा. भारतातल्या अनेक मोटारींत ती असते. तिची भरती-ओहोटी गाडीच्या संगणकाला नीट मोजता यावी म्हणून कंपन्या ती अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. आपली बॅटरी कोणती, हे प्रत्येक मालकाला माहीत हवे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवावी. १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचीही आठवण ठेवावी, कारण ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. प्लग-इन हायब्रिड असेल तर महिन्यातून एक-दोनदा इंजिनही चालू द्यावे, टाकीत पेट्रोल शिळे होऊ देऊ नये.

पावसाळ्याचे एक वेगळे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाणी कसे गावांत शिरले, हे जिल्हा विसरलेला नाही. चांगल्या बॅटरीच्या पेट्या एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतील अशा केलेल्या असतात. रात्रभर गाळात बुडालेल्या गाडीला ही हमी पुरत नाही. पुरात बुडालेली गाडी वाळवून, पुसून चार्जिंगला लावणे हा सर्वात मोठा धोका. ती घरापासून लांब, मोकळ्यावर उभी करावी आणि तपासणी झाल्याशिवाय तिला वीज दाखवू नये.

आग लागलीच तर काय? या जिल्ह्याला आगीची भीती शिकवावी लागत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा इथे समृद्धीवर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. ती बस डिझेलची होती. लिथियमची आग तिच्याहून वेगळी वागते. पावडरचे सिलिंडर ज्वाळा दाबतात, पण बॅटरीच्या आतली उष्णता कमी होत नाही. विझल्यासारखी वाटून ती तासांनी पुन्हा पेटते. धूर विषारी असतो. तिला भरपूर पाणी लागते, तेही गार होईपर्यंत सतत. घरच्यांनी करायचे एवढेच: जमल्यास मेन स्विच बंद करायचा, सगळ्यांना बाहेर काढायचे आणि ११२ ला फोन लावायचा. गाडी वाचवायला आत जायचे नाही.

म्हणून, आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने आपल्याकडे या चार मागण्या आहेत.

एक. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात जिल्हाभर अर्थिंग तपासणीची मोहीम घ्यावी. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री शिकणारी मुले आहेत. विद्युत निरीक्षक आणि महावितरणच्या देखरेखीखाली, अर्थ टेस्टर घेऊन, त्यांनी ई-गाडी असलेली घरे तपासावीत. मुलांना सराव मिळेल, घराला लेखी नोंद मिळेल. हे काम चार्जिंग केंद्र उभारण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

दोन. ई-दुचाकी विकणाऱ्या प्रत्येक दुकानात, नोंदणी नसलेल्या गाड्या विकणाऱ्यांकडेही, मराठीत ठळक पाटी लावायला लावावी: जिन्याखाली, दाराजवळ आणि झोपायच्या खोलीत चार्जिंग नको, गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरा, न्यूट्रल-अर्थ जोडू नका.

तीन. खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखलीसह सर्व नगरपरिषदांच्या अग्निशमन जवानांना आणि समृद्धीवरच्या बचाव पथकांना लिथियम आगीचे प्रशिक्षण आणि श्वसनयंत्रे मिळावीत.

चार. जुन्या बॅटऱ्या भंगारात फोडल्या जाऊ नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. निदान तालुक्याच्या ठिकाणी त्या जमा करायची एक जागा जाहीर व्हावी. ई-रिक्षांच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्याही यात याव्यात. त्या भरताना हायड्रोजन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो ठिणगीची वाट पाहत साचतो, हेही रिक्षाचालकांना कुणी तरी समोर बसून सांगायला हवे.

दर अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि सारा जिल्हा पावसाच्या अंदाजाकडे कान लावतो. जमीन सगळ्यात कोरडी असते ते हेच दिवस, आणि अर्थिंग सगळ्यात कमजोर असते तेही हेच. येत्या घटमांडणीच्या आत ही मोहीम पूर्ण करण्याचा आदेश आपल्या सहीने निघावा, ही कळकळीची विनंती. आणि ज्या वाचकांच्या दारात विजेची गाडी उभी आहे, त्यांनी आदेशाची वाट न पाहता या आठवड्यातच वायरमनला बोलवावे आणि खड्ड्यावरचे झाकण उघडून पाहावे.

आपला नम्र,
एक जिल्हावासी, बुलढाणा